दहा सेकंदांची ओळ

आमच्या खिडकीत एक पेन सुतळीने बांधलेलं आहे. चौकटीला खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीला पेन. चोरीला जाऊ नये म्हणून बांधलंय असं लोकांना वाटतं, आणि ते खरंच आहे. पण आमचे कुलूपराव त्या पेनाकडे फार आदराने बघायचे. म्हणायचे, "ताई, तुमची ही सुतळी माझ्या प्रोग्रामपेक्षा शहाणी आहे. पेन एक, म्हणून एका वेळी लिहिणारा एक. एवढंच साधायला मला चारशे ओळी लिहाव्या लागल्या."

मी या खिडकीत एकोणीस वर्षं बसते आहे. किडन्या निकामी झालेल्या माणसांचं रक्त यंत्रावर धुऊन देतात तो आमचा विभाग, डायलिसिसचा. यंत्रं चौदा, त्यातली दोन-तीन कायम रुसलेली, आणि माणसं ऐंशीच्या घरात. त्यामुळे कोणालाच कायमची पाळी ठरवून देता येत नाही. दर शनिवारी सकाळी आठच्या ठोक्याला पुढच्या आठवड्याचं पान उघडतं, आणि ज्याने त्याने आपल्या फोनवरून नाहीतर माझ्या खिडकीतून पाळी नोंदवायची. सव्वाआठला चांगल्या वेळा संपलेल्या असतात. ज्याची नोंद राहिली त्याने उरलंसुरलं घ्यायचं, म्हणजे एखादा दिवस उशिरा, सुजलेले पाय घेऊन, धापा टाकत. इथे एक दिवस म्हणजे नुसता एक दिवस नसतो, हे मला सांगायची गरज नाही. मी ते पाय रोज बघते.

पाळ्यांचं ते पान कुलूपरावांनी लिहिलेलं. चौदा वर्षांपूर्वी, एकट्याने. माझ्या पाठीमागे पूर्वी चादरी ठेवायची खोली होती. खिडकी नाही, पंखा आहे पण तो फक्त आवाज करतो. तिथे सर्व्हर ठेवला आणि सर्व्हरच्या शेजारी कुलूपरावांना ठेवलं. सकाळी यायचे, पिशवी खुंटीला अडकवायचे, खुर्चीत बसायचे आणि एक मोठा श्वास सोडायचे. तो मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. त्यावरून मी घड्याळ लावत असे म्हणा ना. काहीही सांगा, त्यांचं उत्तर ठरलेलं, "बघतो." आणि खरंच बघायचे, हा त्यांचा दोष. आमच्याकडे बाकीचे लोकही "बघतो" म्हणतात, पण ते बघत नाहीत, म्हणून त्यांची तब्येत चांगली आहे.

कुलूपराव हे नाव कोणी पाडलं ते आठवत नाही. पाडायला कारण मात्र होतं. नवीन डॉक्टर आला, नवी नर्स आली, फरशी पुसणारी आली, की हे त्यांना कुलूप समजावून सांगायचे. "फाइल एक आणि लिहिणारे चाळीस," अशी सुरुवात व्हायची आणि आम्ही बायका एकमेकींकडे बघायचो. पण चौदा वर्षं ऐकून माझ्याही डोक्यात बसलं. आठ वाजता चाळीस जणांनी बटण दाबलं की सर्व्हर त्या प्रोग्रामच्या चाळीस प्रती एकदम पळवतो. प्रत्येक प्रतीला हवी असते तीच एक यादी. ती यादी पूर्ण वाचते, आपल्या माणसाची ओळ त्यात घालते आणि अख्खी यादी परत लिहून ठेवते. आता दोघींनी एकाच वेळी जुनी यादी वाचली, तर जी नंतर लिहून ठेवील तिच्या यादीत पहिलीची ओळ नसणारच. पहिल्या माणसाचं नाव गायब. कोणी खोडलं नाही, कुठे लाल अक्षरं आली नाहीत, आणि तरी गायब. म्हणून यादीला हात लावायच्या आधी एक रिकामी छोटीशी फाइल बनवायची. ती दिसली की बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. काम झालं की ती पुसून टाकायची. हे झालं कुलूप.

"म्हणजे आपल्या बाथरूमची कडी," मी एकदा म्हटलं. आमच्या विभागाला बाथरूम एकच, कडी एकच.

कुलूपराव इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी मला स्वतःहून चहा पाजला.

पण कडीचं एक असतं. कधीकधी आतला माणूस चक्कर येऊन पडतो. प्रोग्रामचंही तसंच, मध्येच मरायचा. वीज गेली, काही अडकलं, आणि कुलूप तसंच लागलेलं. आत कोणी जिवंत नाही आणि बाहेर चाळीस जण उभे. लोकांच्या फोनवर नुसतं चाक फिरत राहायचं आणि माझ्या खिडकीवर शिव्या पडायच्या. मग कुलूपरावांना फोन. ते सुट्टीवर असोत, भाचीच्या लग्नात असोत, नाहीतर दाढीला साबण लावून बसलेले असोत. यायचे, ती एक रिकामी फाइल पुसायचे, मोठा श्वास सोडायचे आणि परत जायचे. आठवड्यातून एकदा तरी. दहा वर्षं.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोचं ऑपरेशन होतं, दुसऱ्या एका रुग्णालयात. पोटातली गाठ होती, आणि ती कसली आहे ते उघडून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. शनिवार होता. ते तिथल्या बाकावर बसलेले आणि इथे पान अडकलं. मी त्यांना अकरा वेळा फोन केला. हो, मीच केला. माझ्या खिडकीपुढे साठ माणसं होती आणि मोठे साहेब माझ्या मागे उभे होते. अकराव्या फोनला ते म्हणाले, "येतो." आले, फाइल पुसली, गेले. मधल्या वेळात वहिनींना आत नेलं होतं. त्यांनी म्हणे दारातून दोनदा मागे वळून पाहिलं आणि बाकावर फक्त यांची पिशवी होती. गाठ साधी निघाली, वहिनी आज ठणठणीत आहेत आणि त्यावरून नवऱ्याला मनसोक्त टोमणे मारतात. पण त्या दिवसाचं यांच्या मनातून गेलं नाही.

सोमवारी ते माझ्या खिडकीपाशी आले. म्हणाले, "ताई, आता फोन करावा लागणार नाही. एक ओळ घातली आहे. दहा सेकंदांपेक्षा जुनं कुलूप दिसलं की तोडायचं. आतला मेला असं समजायचं."

"आणि आतला जिवंत असला तर?" मी विचारलं. चेष्टेतच विचारलं हो. आमच्या बाथरूमवरून तेव्हा रोज काही ना काही विनोद चालायचे.

"एक ओळ लिहायला अर्धा सेकंद पुरतो. दहा सेकंद आत कोण बसतंय?"

आम्ही दोघंही हसलो. त्यानंतर पान कधी अडकलं नाही. कुलूपरावांनी त्या वर्षी सलग आठ दिवस रजा घेतली आणि वहिनींना घेऊन कुठेतरी जाऊन आले. चेहऱ्यावर जरा रक्त दिसायला लागलं. मलाही बरं वाटलं, कारण ते अकरा फोन माझ्याही घशात अडकून बसले होते.

मग दीड वर्षापूर्वी मुख्य इमारतीतल्या कोणीतरी ठरवलं की सगळ्या रुग्णालयाच्या नोंदींची रोजची नक्कल सकाळी आठ वाजता काढायची. आठच का, ते त्यांचं त्यांना माहीत. आम्हाला कोणी विचारलं नाही, कुलूपरावांनाही नाही. एक परिपत्रक आलं, त्यावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या आणि ते फायलीला लागलं. आठ वाजता मागच्या खोलीतला सर्व्हर जरा जास्त गुरगुरायला लागला, एवढंच माझ्या लक्षात आलं.

आता मास्तरीणबाई.

मास्तरीणबाई म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांची, काठीसारखी सरळ बाई. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं. दोन खोल्यांत एकटी राहायची, स्वतःचं स्वतः करायची, आणि रांगेत कोणी पुढे घुसला तर त्याचा कान धरायला कमी करायची नाही. तीन वर्षांत तिने एक पाळी चुकवली नव्हती. शनिवारी आठ म्हणजे आठ. घड्याळ समोर ठेवून, चष्मा पुसून, बोट बटणावर धरून बसायची, असं तिनेच मला सांगितलं होतं. आणि ही बाई एका सोमवारी पिशवी घेऊन आली तर यादीत तिचं नावच नाही.

"मी नोंद केली आहे," ती म्हणाली.

मी पुन्हा बघितलं. नव्हतं. "बाई, बटण नीट दाबलं गेलं नसेल."

"'नोंद झाली' असं आलं होतं."

"मागच्या आठवड्याचं आठवत असेल तुम्हाला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी तिसरी इयत्ता आठवली. पण यादी माझ्या बाजूने होती. तिला बुधवारी संध्याकाळची उरलेली पाळी मिळाली. पुढच्या सोमवारी परत तेच. त्यानंतरच्या सोमवारी तिच्याबरोबर मुलगा आला. तिसऱ्यांदा नाव नाही म्हटल्यावर तो आईकडे बघेना, माझ्याकडे बघायला लागला. डॉक्टर आणि रुग्णाचे नातेवाईक एकमेकांकडे बघतात ना, तसं.

मुलगा वाईट नव्हता. सुनेचाही दोष नाही, ती बिचारी दुसऱ्या शहरातून दर दोन दिवसांनी फोन करून औषधं विचारायची. मुलगा आईला बाकावर बसवून खिडकीशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, घरी गॅसही चालू राहिला होता म्हणे मागे एकदा. आम्ही लांब राहतो. एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय, तिथे डायलिसिसचीही सोय आहे. तिथले लोक म्हणतात, स्मरण कमी झाल्याचं काही लेखी असेल तर लगेच घेता येईल. तुम्ही नुसतं एवढं लिहून द्या, की तीन आठवडे हिने नोंद केली नाही. खरं तेच लिहा."

खरं तेच. मी यादी बघून लिहिलं: 'रुग्णाने सलग तीन आठवडे स्वतःची नोंद केलेली नाही.' शिक्का मारला, सही केली. सही करताना माझा हात कापला वगैरे नाही. रांग मोठी होती आणि माझी कंबर दुखत होती. मुलगा म्हणाला, शुक्रवारी तिकडे कागद द्यायचे आहेत, आईच्या दोन खोल्याही रिकाम्या कराव्या लागतील.

मास्तरीणबाई बाकावर बसून सगळं बघत होती. ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण कळलं तिला. मुलगा गाडी आणायला गेला तशी ती उठली, काठी टेकत माझ्या खिडकीवरून पुढे गेली आणि सरळ मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"हे यंत्र तुम्ही चालवता?"

"हो, बाई," कुलूपराव उठून उभे राहिले. मी भिंतीपलीकडून कान दिला, खोटं कशाला बोलू.

"मग मला सांगा. मी आठ वाजता बटण दाबते. पूर्वी लगेच 'नोंद झाली' यायचं. आता वेळ लागतो. मला मुलांकडून पाढे म्हणून घ्यायची सवय, मी काही होईपर्यंत मनात आकडे मोजते. पहिल्या शनिवारी चौदा झाले. दुसऱ्या शनिवारी बारा. परवा सतरा. सतराव्या आकड्याला 'नोंद झाली' आलं आणि मी चष्मा काढून ठेवला. आता हे सगळं मला स्वप्नात पडलं असं तुमचं म्हणणं आहे का?"

मागच्या खोलीत कागद ओढल्याचा आवाज आला.

"किती म्हणालात?" कुलूपरावांनी विचारलं.

"सतरा."

"दहाच्या वर."

"सतरा दहाच्या वरच असतात," मास्तरीणबाई म्हणाली.

ती गेल्यावर मी आत डोकावले. कुलूपराव खुर्चीत बसले होते आणि नेहमीचा तो श्वास त्यांनी सोडलेला नव्हता. मी म्हटलं, "काय झालं?" ते म्हणाले, "बघतो." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

सर्व्हर एक गोष्ट करत असतो, ती मला त्या दिवशी कळली. कोण कधी आलं, काय मागितलं, किती वेळात उत्तर दिलं, हे सगळं तो ओळीने लिहीत असतो. कोणी वाचत नाही, तरी लिहितो. कुलूपरावांनी तीन शनिवारांच्या ओळी काढल्या आणि दुपारी कागद माझ्यापुढे ठेवला. बोट ठेवून दाखवलं. परवाचा शनिवार: आठ वाजून तीन सेकंदांनी बाईंची मागणी आत शिरली. कुलूप लागलं. तिकडे दिवसेंदिवस फुगत चाललेली नोंदींची नक्कल चालू, डिस्कला उसंत नव्हती, बाईंची प्रत यादी हातात घेऊन ताटकळत बसली. आठ वाजून चौदा सेकंदांनी दुसऱ्या कोणाची तरी प्रत आली. तिने बघितलं, कुलूप दहा सेकंदांपेक्षा जुनं. ओळीप्रमाणे तिने कुलूप तोडलं आणि जुनी यादी वाचली. आठ वाजून वीस सेकंदांनी बाईंची नोंद लिहून झाली, त्यांना 'नोंद झाली' असं उत्तर गेलं. पुढच्याच क्षणी दुसरीने आपली यादी त्यावर ठेवली. त्यात बाई नव्हत्या.

"तीन ते वीस. सतरा," कुलूपराव म्हणाले. "बाईंनी बरोबर मोजलं."

"म्हणजे आतला जिवंत होता," मी म्हटलं.

म्हणायला नको होतं. चार वर्षांपूर्वीची माझी चेष्टा त्यांनाही आठवत होती, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

"जो अगदी वेळेवर येतो त्याचंच नाव जातं, ताई. आठच्या ठोक्याला गर्दी असते ना. आळशी माणूस नऊ वाजता येतो, त्याला काही होत नाही."

"मग आता दुरुस्त होईल का?"

"सकाळीच झालं. ती ओळ काढली. आता कुलूप सिस्टिमच सांभाळते. आतला मेला की कडी आपोआप निघते, जिवंत असेपर्यंत निघत नाही. सोपं आहे."

"हे असलं कुलूप तेव्हा नव्हतं का?"

"होतं."

"मग?"

त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "दमलो होतो, ताई. ती रीत वाचायची, करून बघायची, दोन दिवस लागले असते. ही ओळ दोन मिनिटांत झाली. मला फक्त फोन बंद व्हायला हवा होता."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. कोणावर ते कळेना. अकरा फोन मी केले होते.

संध्याकाळी ते मोठ्या साहेबांकडे गेले. मीही गेले, बोलावलं नव्हतं तरी. कुलूपरावांची निवृत्ती सात महिन्यांवर आली होती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. साहेब तसे हुशार.

"दुरुस्त केलं ना? मग झालं तर," ते म्हणाले. "त्या बाईंच्या मुलाला तोंडी सांगा, नोंदीत काही गोंधळ असू शकतो. लेखी काही नको. एकदा लेखी गेलं की गेल्या चार वर्षांत ज्याची ज्याची पाळी हुकली तो इथे येऊन उभा राहील. आणि तुमचे सात महिने राहिलेत, राव. शांतपणे जा."

"बघतो," कुलूपराव म्हणाले.

मला वाटलं, संपलं. चौदा वर्षं 'बघतो' ऐकत आले होते मी, या वेळी पहिल्यांदा त्याचा अर्थ बाकीच्यांसारखा असणार असं वाटलं. माझी चिठ्ठी मुलाच्या खिशात होती, शिक्क्यासह. तोंडी सांगितलेल्या गोंधळापुढे शिक्का भारी पडतो, हे मला एकोणीस वर्षांत पक्कं कळलेलं आहे.

गुरुवारी सकाळी कुलूपराव आले, पण पिशवी खुंटीला अडकवायला आत गेले नाहीत. माझ्या खिडकीशी लोकांच्या बाजूने उभे राहिले, रांगेत. पुढे चार माणसं होती, ती संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "एक कोरा कागद द्या." आणि ते सुतळीचं पेन घेऊन तिथेच उभ्या उभ्या लिहायला लागले. सुतळी आखूड, त्यामुळे वाकून लिहावं लागतं. मागच्या बाई कुरकुरल्या, त्यांना मी असं काही झापलं की त्या गप्पच झाल्या.

लिहिलं ते असं: 'सदर रुग्णाने तिन्ही शनिवारी सकाळी आठ वाजता स्वतःची नोंद योग्य प्रकारे केली होती. ती नोंद मी चार वर्षांपूर्वी प्रोग्राममध्ये घातलेल्या एका चुकीच्या ओळीमुळे यादीतून गेली. रुग्णाच्या स्मरणाचा यात काहीही दोष नाही. दोष माझा आहे.' खाली तिन्ही दिवसांच्या वेळा, सेकंदांसह. सही, पूर्ण नाव, हुद्दा. मग मला म्हणाले, "शिक्का."

साहेबांचं बोलणं मलाही आठवत होतं. माझ्याही नोकरीची सहा वर्षं राहिली आहेत. मी शिक्का मारला, आणि त्याच्याखाली माझ्या पहिल्या चिठ्ठीतला मजकूर चुकीचा असल्याचं लिहून सही केली. या वेळी रांग किती आहे ते बघितलं नाही.

मुलाला फोन करून बोलावलं. तो आईला घेऊनच आला. उभ्याउभ्या कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि आधी भडकला. "म्हणजे आम्ही आईला..." एवढं म्हणून थांबला. पुढचं वाक्य त्याला कोणावर टाकायचं ते सापडेना. मग खिशातून माझी पहिली चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. मी ती चार तुकडे करून टोपलीत टाकली. मास्तरीणबाईंनी कागद मागून घेतला. चष्मा पुसून सावकाश वाचला.

"गॅस एकदा राहिला होता, ते खरं आहे," ती मुलाला म्हणाली. "तेवढं मी विसरले होते. हे नाही."

"हो, आई."

"खोल्या सोडायच्या नाहीत."

"नाही, आई."

मग ती कुलूपरावांकडे वळली. मला वाटलं आता यांचा कान धरते. तर म्हणाली, "चूक झाली की पुसायची नाही, तिच्याखाली बरोबर लिहायचं, असं मी मुलांना सांगायचे. तुम्ही तसं केलंत." कुलूपरावांनी मान खाली घातली, सत्तावन्न वर्षांच्या माणसाने. तेवढ्यावर सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण ती मास्तरीण. जाता जाता दारात थांबली.

"ही ओळ चार वर्षं होती ना? मग माझ्यासारखे किती?"

"सांगता येत नाही, बाई. सर्व्हर नव्वद दिवसांपलीकडच्या ओळी स्वतःच पुसतो."

"पण कोणी तक्रार केली असेल."

"कोणीच नाही केली," कुलूपराव म्हणाले. ते खरंच होतं.

मला मात्र तिथे बसल्या जागी एक जण आठवले. तक्रार नव्हती केली त्यांनी. गेल्या थंडीतले मफलरवाले आजोबा. दोनदा, नाही, तीनदा नाव नव्हतं त्यांचं. मी म्हटलं होतं, "आजोबा, विसरलात ना?" आणि ते हसून म्हणाले होते, "हो पोरी, मीच विसरलो असेन." कपाळावर बोट आपटून दाखवलं होतं, इथे आता काही राहिलं नाही, असं. मी पण हसले होते. नंतर त्यांच्या मुलीने त्यांचा फोन काढून घेतला. आता ती नोंद करते, ऑफिसात पोचली की, नऊला. एकदाही नाव हुकलेलं नाही. पूर्वी ते माझ्या खिडकीशी येऊन पाळीचा दिवस स्वतः सांगायचे. आता मुलीच्या मागे उभे राहतात, आणि काही विचारलं की तिच्याकडे बघतात.

मी कुलूपरावांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "ते किती वाजता नोंद करायचे?"

"आठला."

"शपथेवर सांगता येणार नाही, ताई. ओळी राहिल्या नाहीत."

"मला शपथ नको आहे," मी म्हटलं.

आजोबांची पाळी त्याच दुपारी होती, सात नंबरच्या यंत्रावर. कुलूपराव दाराशी थांबले, आत जायचं त्यांच्याने होईना. मी गेले. आजोबा पडून होते, हाताला नळ्या, गळ्यात तोच मफलर. मी स्टूल ओढून जवळ बसले आणि सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. यंत्राची चूक होती. तुम्ही बटण दाबलं होतं. तुम्ही विसरला नव्हतात, आजोबा, मी तुम्हाला उगाच तसं म्हटलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग मोकळ्या हाताने माझ्या हातावर थोपटलं, मला वाईट वाटू नये म्हणून.

"असू दे, पोरी," ते म्हणाले. "मीच विसरलो असेन."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा थोपटलं. बाहेर आले तेव्हा कुलूपराव दाराशीच होते.  त्यांनी तो मोठा श्वास सोडला, आणि आम्ही दोघं आपापल्या जागेवर जाऊन बसलो, कारण माझ्या खिडकीपुढे माणसं थांबली होती.